गिअर नेमका केव्हा सुटतो? जुन्या बुलेटविषयीच्या प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

जुन्या बुलेटच्या गिअरच्या तक्रारींवरील माझ्या लेखाला आपण इतक्या तपशिलाने प्रतिक्रिया दिलीत, याबद्दल आभारी आहे. आपला मुख्य आक्षेप असा आहे की, तक्रार कोणतीही असो, आधी क्लच आणि केबल तपासावी व गिअरबॉक्स उघडण्याची घाई करू नये, असे मी सरसकट लिहिले. त्यावर विसंबून आपण आपली १९८७ ची बुलेट दोन महिने तशीच चालवलीत, घाटात दुसरा गिअर सुटतच राहिला आणि अखेर गिअरबॉक्स उघडल्यावर पिनियनचे (गिअरच्या दातेरी चाकांचे) डॉग, म्हणजे त्यांच्या बाजूवरील एकमेकांत गुंतणारे उंचवटे, झिजून गोल झालेले निघाले. गिअरबॉक्समध्ये ग्रीस भरू नये हे माझे म्हणणे अनुभवी मिस्त्रींच्या पद्धतीला सोडून आहे, असेही आपण लिहिले आहे.

पहिल्या आक्षेपात आपले म्हणणे बरोबर आहे आणि चूक माझ्या लेखाची आहे. गिअर न पडणे, गिअर बदलताना मधेच फॉल्स न्यूट्रल लागणे (दोन गिअरच्या मध्ये कोणताच गिअर न पडणे) आणि पडलेला गिअर चालत्या गाडीत सुटणे या तीन वेगळ्या तक्रारी असून त्यांची कारणेही बहुधा वेगळी असतात. मी त्या एकाच मथळ्याखाली घेतल्या आणि तिन्हींना एकच क्रम लावला. खरे तर पहिला प्रश्न असा विचारायला हवा होता की, बिघाड पाय पेडलवर असताना होतो, की पाय काढल्यानंतर, इंजिनाचा जोर चाकावर आल्यावर होतो? आपली तक्रार दुसऱ्या प्रकारची होती आणि तिथे केबल कितीही जुळवली तरी उपयोग होत नाही.

याचे कारण या गिअरबॉक्सच्या रचनेत आहे. कास्ट आयर्न इंजिनाच्या बुलेटला इंजिनापासून स्वतंत्र असलेला चार गिअरचा, ॲल्बियन या ब्रिटिश कंपनीच्या पद्धतीचा गिअरबॉक्स असतो. त्यातील पिनियनच्या जोड्यांचे दात कायम एकमेकांत गुंतलेले असतात. गिअर टाकताना सरकतात आणि गुंततात ते पिनियनच्या बाजूला असलेले डॉग. या डॉगच्या कडा काटकोनी असतील तोवर जोर आल्यावर ते एकमेकांना धरून राहतात, पण कडा गोल झाल्या की तोच जोर त्यांना एकमेकांपासून दूर ढकलतो आणि पेडलला पाय न लावता गाडी न्यूट्रलमध्ये येते. चढावर डॉगची एक बाजू जोर घेते, तर उतारावर थ्रॉटल सोडून इंजिनाचा ब्रेक घेताना विरुद्ध बाजू. म्हणून गिअर चढावर सुटतो की उतारावर, एवढे लक्षात ठेवले तरी गिअरबॉक्स उघडल्यावर कोणती बाजू बारकाईने पाहायची ते कळते. उतारावर सुटणारा गिअर तर धोक्याचाच, कारण इंजिनाचा ब्रेक नेमका हवा असतो त्याच क्षणी नाहीसा होतो आणि सगळा भार ड्रम ब्रेकवर पडतो. अशी गाडी दोन महिने काय, दोन दिवसही घाटात नेऊ नये, हे मी लेखात ठळकपणे लिहायला हवे होते. ते न लिहिल्याचा मला खेद आहे.

मात्र इतर दोन तक्रारींच्या बाबतीत आधी बाहेरचे तपासावे या मतावर मी ठाम आहे, आणि त्यामागे स्वतःचा अनुभव आहे. माझ्या गाडीला दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मध्ये फॉल्स न्यूट्रल लागत असे. एका गॅरेजमध्ये त्यासाठी दोनदा पिनियन बदलण्यात आले, पैसे गेले आणि तक्रार तशीच राहिली. दोष निघाला तो बाहेरच्या झाकणामागील रॅचेटमध्ये, म्हणजे पेडलच्या प्रत्येक दाबाला एकेक गिअर बदलणाऱ्या यंत्रणेत. तिथे दोन नटांनी धरलेली एक लहान पट्टी असते. ती थोडी जरी सरकली, तरी पेडल एका दिशेला कमी आणि दुसऱ्या दिशेला जास्त फिरते, आणि गिअर वर टाकताना नीट पडतो पण खाली टाकताना चुकतो, किंवा याच्या उलट होते. गाडी मधल्या गिअरमध्ये ठेवून पेडल हाताने दोन्ही बाजूंना हलवावे. रॅचेट पकडेपर्यंतची हालचाल दोन्हीकडे सारखी नसेल, तर नट सैल करून पट्टी किंचित सरकवावी. पेडलच्या स्प्लाइन (दांड्यावर घट्ट बसवणाऱ्या खाचा) झिजल्या असतील किंवा पेडल चुकीच्या कोनात बसवले असेल, तरी पायाची हालचाल पूर्ण होत नाही. उजव्या पायाने पहिला गिअर वर आणि बाकीचे तीन खाली, अशा रचनेत हे सहज लक्षात येत नाही.

गिअर पडताना करकर होत असेल किंवा थांबलेल्या गाडीत न्यूट्रल सापडत नसेल, तर मात्र क्लचच पाहावा. इंजिन बंद ठेवून, गाडी थोडी पुढेमागे हलवत सगळे गिअर टाकून पाहा. तेव्हा ते सहज पडत असतील आणि इंजिन चालू असतानाच अडत असतील, तर क्लच पूर्ण सुटत नाही असे समजावे. केबलला लिव्हरपाशी दोन-तीन मिलिमीटर मोकळीक ठेवल्यावरही फरक पडला नाही, तर प्राथमिक चेनचे झाकण काढून कोणाला तरी क्लच दाबायला सांगा आणि प्रेशर प्लेट (क्लचच्या प्लेट दाबून धरणारी तबकडी) सगळीकडून सारखी उचलली जाते का, ते पाहा. ती तिरकी उचलली जात असेल, तर स्प्रिंगांचे स्क्रू कमी-जास्त करून ती सरळ करावी लागते. क्लच ड्रमच्या खाचांमध्ये प्लेटच्या जिभांनी खड्डे पाडले असतील तर प्लेट तिथे अडकतात, आणि मग केबलने काहीच साधत नाही. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या प्लेट तेलाने एकमेकींना चिकटतात, म्हणून सकाळी क्लच दाबून दोन-चार किक मारण्याची जुन्या बुलेटवाल्यांची सवय योग्यच आहे.

ग्रीसबाबत माझे वाक्य अपुरे होते. पातळ, वाहते ग्रीस वापरण्याची पद्धत या गिअरबॉक्सच्या बाबतीत जुनीच आहे आणि तिला माझा विरोध नाही. विरोध आहे तो गळती थांबवण्यासाठी बेअरिंगचे घट्ट ग्रीस ठासून भरण्याला. फिरणारी पिनियन ते बाजूला फेकतात, ते भिंतींना चिकटून राहते आणि लेशाफ्टचे (गिअरबॉक्समधील मुख्य दांड्याला समांतर असलेल्या दुसऱ्या दांड्याचे) बुश कोरडे पडतात. चौथ्या गिअरमध्ये जोर लेशाफ्टवरून जात नाही, तो सरळ पुढे जातो. त्यामुळे पहिल्या तीन गिअरमध्ये घरघर आणि चौथ्यात शांतता असेल, तर आधी लेशाफ्टकडेच पाहावे.

मूळ लेखात मी या तीन तक्रारी वेगळ्या करीत आहे आणि ‘गिअर जोर आल्यावर सुटत असेल तर गाडी थांबवा’ हे वाक्य सर्वांत वर घालत आहे. आपल्याला एकच विचारायचे आहे: पिनियन बदलताना ते सरकवणारा सिलेक्टर फोर्क तपासला होता का? तो वाकलेला किंवा टोकाशी झिजलेला असेल, तर नवे डॉग पूर्ण खोलीपर्यंत गुंतत नाहीत आणि त्यांच्याही कडा लवकरच गोल होतात. तपासला नसेल, तर जुन्या पिनियनच्या डॉगवर झिजेची खूण किती खोलवर आहे ते पाहा. ती फक्त टोकाशीच असेल, तर फोर्क पाहिल्याशिवाय गाडी घाटात नेऊ नका, ही कळकळीची विनंती.