उशिरा ठरवायची मुभा कुठून येते? (लीन आणि आर्किटेक्चरवरच्या प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार. "लीनमध्ये निर्णय लांबवायचे असतात, त्यामुळे आधी आर्किटेक्चर करणं म्हणजे वाया घालवलेला वेळ, डिझाइन कोडमधून आपोआप घडत जातं," असं तुमचं म्हणणं. (लीन म्हणजे वाया जाणारं काम टाळण्याची, टोयोटाच्या कारखान्यांतून आलेली पद्धत; आर्किटेक्चर म्हणजे सॉफ्टवेअरची मूळ रचना.) यातलं अर्धं मला मनापासून पटतं. ज्याचा कोडच झालेला नाही असा चाळीस पानी डिझाइन डॉक्युमेंट म्हणजे गोदामात पडून राहिलेला माल. डेटाबेस कधीतरी बदलेल म्हणून चढवलेले, मागे काम करणारा एकच क्लास असलेले इंटरफेस, म्हणजे कोडमधले मधले थर, तेही खुशाल काढून टाका.

पण लीन सॉफ्टवेअरमध्ये आणणाऱ्या मेरी आणि टॉम पॉपेंडिक दांपत्याने २००३ मध्ये मांडलेलं तत्त्व 'शक्य तितक्या उशिरा ठरवा' असं आहे, आणि सगळं त्या 'शक्य'वर अडतं. टोयोटात १००० टनी प्रेसचा साचा बदलायला ४ तास लागत. उत्पादन-तज्ज्ञ शिगेओ शिंगो यांनी १९६९ च्या सुमारास तो वेळ आधी दीड तासावर आणि मग ३ मिनिटांवर आणला. असे बदल झाले म्हणून छोट्या लॉटमध्ये माल काढणं परवडलं, आणि काय बनवायचं ते उशिरा ठरवता आलं. सॉफ्टवेअरमध्ये साचा बदलणं असं झटपट करण्याचं काम आर्किटेक्चर करतं.

एक उदाहरण घ्या. बिलाची रक्कम रुपयांत, फ्लोटमध्ये (अपूर्णांक अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात) साठवली आहे आणि आता ती पूर्णांकी पैशांत हवी आहे. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये चालू टेबलावर कॉलमचा टाइप थेट बदललात, तर अख्खं टेबल नव्याने लिहिलं जातं आणि तोवर वाचणंसुद्धा बंद. म्हणून टप्प्याटप्प्याने जायचं: नल (रिकामी किंमत) चालणारा नवा बिगइंट (मोठ्या पूर्णांकाचा) कॉलम जोडा, कोडमधून दोन्ही कॉलमांत लिहायला लागा, जुन्या ओळी ५-१० हजारांच्या तुकड्यांत भरा आणि दर तुकड्याला कमिट करा (बदल पक्का करा), जुळवून पाहा, वाचन नव्या कॉलमवर न्या, जुन्यात लिहिणं थांबवा, शेवटी तो काढा.

घोटाळे ठरावीक ठिकाणी होतात. दुहेरी लेखन सुरू होण्याआधी जुना डेटा भरला, तर मधल्या ओळी रिकाम्या राहतात. १९.९९ ला १०० ने गुणून नुसता पूर्णांक काढला तर १९९८ येतात, एक पैसा गायब. राउंड करावंच लागतं. कॉलम जोडणं क्षणाचं काम, पण एखादा लांबलेला रिपोर्ट चालू असेल तर ते लॉकसाठी (टेबलाच्या ताब्यासाठी) ताटकळतं आणि त्याच्यामागे बाकी सगळ्या क्वेरींची रांग लागते. लॉक टाइमआउट (लॉकची वाट पाहण्याची मर्यादा) २-३ सेकंद ठेवा, फसलं तर पुन्हा चालवा.

आता समजा याच टेबलातून आणखी चार सेवा थेट वाचतात. मग जुना कॉलम काढायचा दिवस उजाडतच नाही, कारण पाच टीमच्या रिलीजचा मेळ बसत नाही. रुपये की पैसे हा निर्णय लांबवता आला असता. टेबल कोणाचं, हा मात्र पहिल्याच आठवड्यात ठरवायला हवा होता. टेबल वाचणारी दुसरी सेवा जोडली गेली की हा निर्णय महाग होतो, आणि कोडमधून तो 'आपोआप' घडताना सहसा चुकीचाच घडतो, कारण थेट जॉइन (दुसऱ्याचं टेबल आपल्या क्वेरीत जोडणं) लिहिणं त्या दिवशी सगळ्यात सोपं असतं.

"मग किती आर्किटेक्चर पुरे?" असंही तुम्ही विचारलंत. या बाबतीत तरी उत्तर छोटं आहे: प्रत्येक सेवेला वेगळा डेटाबेस युजर द्या, बिलाच्या टेबलावरची परवानगी फक्त बिलिंगच्या युजरला ठेवा, आणि रिपोर्टवाल्यांना एक व्ह्यू (टेबलातला ठरावीक भागच दाखवणारी साठवलेली क्वेरी) द्या. सुरुवातीलाच केलंत तर तासाभराचंही काम नाही.