नॉमिनी मालक होत नाही: वारसाहक्काविषयीच्या एका संदेशाला उत्तर

गेल्या आठवड्यात मुलुंडला राहणाऱ्या मावशीने मला तातडीने बोलावून घेतले. काकांना जाऊन जेमतेम दीड महिना झाला होता. टेबलावर स्टॅम्प पेपरवर टाइप केलेला मजकूर पडला होता: 'सदर सदनिकेवर माझा कोणताही हक्क नाही व यापुढे राहणार नाही.' खाली मावशीच्या आणि तिच्या दोन विवाहित मुलींच्या सह्यांसाठी तीन रेघा आखल्या होत्या. "उशीर केला तर घर सरकारजमा होतं म्हणे. सही करून टाकू ना?" असे म्हणत तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. हा कागद तिच्या मुलानेच करून आणला होता. त्याच्या मनात काही काळेबेरे नाही. तोही तोच संदेश वाचून घाबरला होता.

'मृत्युपत्र न करता व्यक्ती वारल्यास' असे शीर्षक असलेला हा संदेश सध्या प्रत्येक सोसायटीच्या ग्रुपवर फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: सोसायटीत ज्याचे नॉमिनेशन आहे तोच घराचा मालक होतो, 2005 पूर्वी लग्न झालेल्या मुलींना हक्क नाही, 90 दिवसांत नाव न चढवल्यास मालमत्ता सरकारजमा होते, विधवेने पुनर्विवाह केल्यास तिचा वाटा जातो, आणि तहसीलदाराचा वारस दाखला मिळाला की सगळी कामे होतात.

सर्वांत घातक दावा पहिला आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 मध्ये 2019 साली गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. त्यातील कलम 154ब-13 मध्ये स्पष्ट म्हटले आहे की, सभासदाच्या मृत्यूनंतर नॉमिनीला तात्पुरता सदस्य म्हणून घ्यायचे, आणि तेही वारसाहक्काच्या कायद्याने किंवा मृत्युपत्राने ज्यांचा हक्क ठरतो त्यांना सदस्य करून घेईपर्यंतच. 'तात्पुरता' हा शब्द कायद्यातला आहे, माझा नाही. सर्वोच्च न्यायालयानेही विम्याच्या रकमेबाबत 1983 साली आणि शेअर्सबाबत डिसेंबर 2023 मध्ये हेच सांगितले की, नॉमिनेशनमुळे वारसांचा हक्क संपत नाही. नॉमिनी हा विश्वस्तासारखा असतो. वस्तू त्याच्या हाती येते, पण ती एकट्याची होत नाही.

यात अर्धे सत्य आहे, ते मान्य करतो. नॉमिनेशन असले की सोसायटीचा पत्रव्यवहार अडत नाही, आणि बँक नॉमिनीला पैसे देऊन आपल्या जबाबदारीतून मोकळी होते. विमा कायद्यात 2015 साली झालेल्या दुरुस्तीने आई-वडील, पती-पत्नी, मुले असे नॉमिनी असल्यास त्यांना पूर्वीपेक्षा अधिक हक्क दिला, हेही खरे. पण ती तरतूद विम्यापुरती आहे. तिच्या आधारे मुलुंडचे घर कोणाचे होत नाही.

मग घर कोणाचे? काकांनी ते स्वतःच्या पगारातून, स्वतःच्या एकट्याच्या नावावर घेतले होते. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 प्रमाणे मृत्युपत्र नसताना पहिल्या वर्गातील वारस एकाच वेळी, समान वाट्याने येतात: पत्नी, मुलगे, मुली आणि मृताची आई. वडील त्या वर्गात नाहीत, आई आहे. काकांच्या आई, म्हणजे आजी, शहाऐंशी वर्षांच्या आहेत आणि आम्ही बोलत होतो तेव्हा त्याच खोलीत मेथी निवडत बसल्या होत्या. संदेशात आईचा उल्लेखच नाही, म्हणून कागदावर त्यांच्यासाठी रेघही नव्हती. या घराचे पाच समान वाटे होतात आणि त्यांतला एक आजींचा आहे, हे मी सांगितले तेव्हा मावशीसकट सगळे माझ्याकडे बघत राहिले. आजींनी मृत्युपत्र न करता डोळे मिटले, तर त्यांचा पाचवा हिस्सा त्यांच्या दुसऱ्या मुलाला, मुलीला आणि काकांच्या मुलांना जाईल. म्हणजे ज्या घरात आज पाच हक्कदार आहेत तिथे उद्या आणखी दोन येतील. हे काम आजी हयात असताना व्हायला हवे ते यासाठी, सरकारच्या भीतीने नव्हे.

मुलींविषयीचा दावा म्हणजे दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी आहे. 9 सप्टेंबर 2005 ची दुरुस्ती एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेतील सहदायिकीविषयी, म्हणजे जन्मानेच मिळणाऱ्या हिश्शाविषयी आहे, आणि तिथेही लग्नाच्या तारखेचा प्रश्न येत नाही. महाराष्ट्राने 1994 साली मुलींना हा हिस्सा देताना आधीच लग्न झालेल्यांना वगळणारी जी अट घातली होती, ती नंतरच्या केंद्रीय कायद्यात नाही. वडिलांच्या स्वकष्टार्जित घरात तर मुलीला 1956 पासून मुलाइतकाच वाटा आहे.

90 दिवसांची गोष्ट कुठून आली असावी, याचा अंदाज करता येतो. शेतजमिनीचा हक्क वारसाने मिळाल्यास तीन महिन्यांत तलाठ्याला कळवावे, असे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 149 मध्ये आहे. न कळवल्यास जमीन जात नाही, किरकोळ आकारणी होते. मालमत्ता सरकारकडे जाते ती एकही वारस नसेल तेव्हाच. पतीच्या निधनानंतर पुनर्विवाह केला म्हणून विधवेचा मिळालेला वाटा जात नाही. तहसीलदाराच्या दाखल्यावर मुंबईतील सदनिकेची मालकी ठरत नाही. वाद असेल तर न्यायालयाकडेच जावे लागते, आणि तिथेही भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 खालचे उत्तराधिकार प्रमाणपत्र येणी (मृताला मिळायचे पैसे) आणि रोखे (शेअर्ससारखी गुंतवणूक) यांच्यापुरते असते, घरासाठी नव्हे. शिवाय हा संदेश सर्वधर्मीयांना लागू असल्याचे त्यात म्हटले आहे, तेही चूक. मुस्लिम, ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांचे नियम वेगळे आहेत.

मावशीच्या मुलींना स्वखुशीने हक्क सोडायचा असेल तर तो त्यांचा अधिकार आहे. त्यासाठी हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावे लागते. नुसत्या नोटरीच्या शिक्क्याने स्थावर मालमत्तेतला हक्क सुटत नाही. स्वतः मावशीने मात्र राहत्या घरातला आपला वाटा सोडू नये, असे मी तिला मुलासमोरच सांगितले. त्याने तो कागद उचलून घडी घातला आणि सोसायटीला द्यायच्या अर्जात वारस म्हणून पाचही नावे लिहायला घेतली. आजींचे पूर्ण नाव काय, हे त्याला त्यांनाच विचारावे लागले.