मोजणीवाला

परवा धुळ्याजवळच्या नकाणे तलावावर मला पंधरा मिनिटं सरकारी नोकरी लागली होती. ती गेली याचं काही नाही. पण 'साहेब'वरून थेट 'भो'वर, म्हणजे 'भाऊ'वर, उतरवला गेलो, ते अजून खुपतंय.

तिपाईवर स्पॉटिंग स्कोप, म्हणजे पक्षी बघायची एकनळी दुर्बीण, पुढचं भिंग 80 मिमी रुंद; तिच्या आयपीसला, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाला, अडॅप्टरने आवळलेला फोन. या खटाटोपाला डिजिस्कोपिंग म्हणतात. 1999 मध्ये मलेशियातल्या लॉरेन्स पो यांनी स्कोपला डिजिटल कॅमेरा टेकवून पाहिला आणि हे खूळ जगभर पसरलं. हिशेब मोहात पाडणारा आहे: फोनची मुख्य लेन्स (फोकल लांबीने) 26 मिमीची धरली आणि स्कोप 20 पटीवर ठेवला, की झाली 520 मिमी. 60 पटीवर 1560. तेवढी खरी लेन्स घ्यायची तर बागायत विकावी लागेल.

मोह इथेच संपतो. आयपीसचं रबरी कप खाली फिरवून बसवा, नाहीतर चित्राभोवती काळं वर्तुळ. कॅमेऱ्याचं भिंग आयपीसच्या मधोमध हवं. एक मिलिमीटर सरकलं की कडेला काळी चंद्रकोर. तीन-तीन डोळ्यांचे फोन तर महाआगाऊ. समोर काहीतरी जवळ आहे म्हणून स्वतःच मॅक्रोवर उडी मारतात, ते सेटिंगमधून बंदच करा. मग पक्ष्यावर बोट दाबून फोकस आणि उजेड कुलूपबंद करा, उजेड थोडा उतरवा. फोटो बोटाने काढायचा नाही, हादऱ्याने सगळा तलाव हलतो; 2 सेकंदांचा टायमर लावा किंवा वायरच्या इअरफोनचं आवाज वाढवायचं बटण वापरा. आणि 60 पटीच्या नादी लागू नका. 80 भागिले 60, म्हणजे डोळ्याशी येणारा प्रकाशाचा झोत जेमतेम 1.3 मिमी. चित्र अंधारतं, शटर मंदावतं, बदकाचा बटाटा होतो. 20 पटीवर तोच झोत 4 मिमी.

हे सगळं जमवून चिखलावरच्या चक्रवाकाच्या जोडीवर फोकस बसवला, तेव्हा पावणेआठ झाले होते. हातात तास-सव्वा तास. ऊन तापलं की पाण्यावरची हवा थरथरते, मग कितीही महागडी काच असो, पक्षी उकळत्या पाण्यात पडल्यासारखा दिसतो.

"राम राम साहेब. मोजणी कव्हय?"

पांढरी टोपी, खांद्यावर उपरणं, मागे चार शेळ्या. तिपाई दिसली की आपल्याकडे रस्ता नाहीतर कालवा येतो, हे बाबांना पुरतं ठाऊक.

"मोजणी नही बाबा. पाखरेस्ना फोटू काढी ऱ्हायनू."

बाबा डोळा मारून हसले. सरकारी माणूस खरं सांगत नसतो. "ते ठीक शे. पण मन्हं वावर जाई का ऱ्हाई, तितलं सांगा."

मी चक्रवाक दाखवले. बाबा चिखलाकडे बघेनात, तिपाईच्या पायांकडे बघत राहिले. खुंटी नेमकी कुठे ठोकली जातेय ते. माझे 2 सेकंदांचे टायमर वाजत होते आणि प्रत्येक वेळी बाबांचा हात तिपाईवर.

"पगार कितला भेटस?"

"याना काहीच नही भेटस."

"मंग कसाले?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. घरीही नसतं. आणि याच क्षणी 'साहेब' गेलं. "म्हणजे रिकामाच शे का भो तू!"

याच खानदेशात, शहाद्याजवळ, 1997 मध्ये रानपिंगळा हे छोटं घुबड 113 वर्षांनी पुन्हा सापडलं. 113 वर्षं त्याला कुणी पगार विचारला नाही. तोफेएवढी पांढरी लेन्स घेऊन गाडीतून उतरणाऱ्यालाही विचारत नाहीत, दुरून सलाम करतात. चौकशी फक्त तिपाईवाल्याची.

"माले दखू दे," म्हणत बाबांनी स्कोप ढकलला, फोनच्या पडद्यात डोकं घातलं आणि पलीकडचा काठ न्याहाळू लागले. मग जी आरोळी उठली, तिने चक्रवाक तर उडालेच, वारकरी (कूट) पक्षीही पाण्यावरून धावत सुटले.

"हाई दख! त्यान्ही म्हैस मन्हा हरभरामा!"

'त्यान्ही' म्हणजे बांधशेजाऱ्याची. "मार फोटू! तारीख, टाइम येवाले जोयजे!"

मारला. काय करता? म्हैस हलत नाही, काळी असल्याने उजेडाची भानगड नाही. डिजिस्कोपिंगला याहून गुणी प्राणी नसेल. त्या सकाळचा तेवढाच फोटो धारदार आला. तोंडातला हरभऱ्याचा डहाळा दिसतो, कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरच्या 12 आकड्यांतले 9 वाचता येतात. बाबांच्या नातवाच्या व्हॉट्सॲपवर पाठवला. चक्रवाक परतले नाहीत, नऊपासून हवा थरथरू लागली.

रात्री नातवाच्या फोनवरून बाबाच बोलले. आभार वगैरे नाही.

"भो, तीन आकडा दिसतस नही. सकाय परत ये. ते मशीन लई ये."