तापीत पापलेट आणण्याचे सोपे उपाय

नदीकाठी काही उभारायचंय? कारखाना म्हणा, वाळूचा ठेका म्हणा, काहीही. मग एक अडचण येणारच, ती म्हणजे नदीत मासे असतात. घाबरू नका. गेल्या महिन्यात आमच्या तालुक्यात तापीकाठच्या एका प्रकल्पाची जनसुनावणी झाली. मांडवात दिवसभर बसून जे ज्ञान पदरात पडलं, ते इथं फुकट वाटतो आहे.

सुरुवात माशांच्या यादीपासून करा. यादीसाठी नदीवर जायची गरज नाही, उगाच बूट खराब होतात. दुसऱ्या कुठल्या तरी प्रकल्पाचा पर्यावरण आघात अहवाल उघडा, यादी उचला, गावाचं नाव बदला. आम्हाला मिळालेल्या अहवालात रोहू-कटलाच्या खाली चक्क पापलेट आणि सुरमई होते. पापलेटला 2023 साली राज्याचा मासा म्हणून मान मिळाला, म्हणून सन्मानाने तापीत घातलं असेल. सुरतेच्या खाडीतून निघून, काकरापार आणि उकाई ही धरणं चढून, प्रकाशा, सारंगखेडा, सुलवाडे असे तीन बॅरेज ओलांडून ते आमच्या घाटावर आलं म्हणजे त्याचा सत्कारच व्हायला हवा. मरळ, वाम, शिंगी, शिवडा यांचा मात्र पत्ता नाही. खाली रकाना होता, 'मासेमारीवर अवलंबून कुटुंबे'. त्यापुढे 'निरंक'. आणि समोर दोन रांगा भरून भोई समाज बसलेला!

एक आबा उठले आणि म्हणाले, "साहेब, हाई आम्हनी नदी शे का मम्बईना दर्या?"

उत्तर आलं की टंकलेखनातली चूक आहे, अंतिम अहवालात दुरुस्त होईल. हे वाक्य पाठ करून ठेवा, फार कामाचं आहे. तशी ही परंपरा जुनीच. रत्नागिरीकडच्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातल्या खाणीच्या अहवालाचे उतारेच्या उतारे सापडले होते. कोकणात बर्फाळ प्रदेशातली झाडं उगवतात, मग तापीत पापलेट का नको?

पावसाळ्यात नदीकडे फिरकू नका. नियमही तुमच्या बाजूचा आहे, बहुतेक प्रकल्पांना पावसाळा वगळून एका ऋतूची निरीक्षणं पुरतात. रोहू, कटला, मृगळ यांची वीण पावसाळ्यात, चढणीचे मासे पहिल्या पुराबरोबर ओढ्यानाल्यांत शिरतात तेही पावसाळ्यात. म्हणून मोजणी मार्चमध्ये करा. पात्र कोरडं, मासे डोहात लपलेले. 'प्रजननस्थळे आढळली नाहीत' असं अगदी खरं खरं लिहिता येतं.

सुनावणीची सूचना तीस दिवस आधी मराठी पेपरातही द्यावी लागते. ती शिकवणीची जाहिरात आणि दशक्रिया विधी यांच्या मधे छापा.

तारीख कापूस वेचणीतली धरा, किंवा सारंगखेड्याची यात्रा भरलेली असताना. माणसं घोडे बघायला गेलेली असतील. पर्यावरण मंजुरीच्या 2006 च्या अधिसूचनेत सुनावणीला गणपूर्तीची, म्हणजे किमान हजेरीची, अट नाही. रिकाम्या खुर्च्यांसमोर झाली तरी झालीच.

नदीत मत्स्यबोटुकली, म्हणजे माशांची बोटाएवढी पिल्लं, सोडायचा कार्यक्रम ठेवा. पिल्लांची पिशवी थोडा वेळ पाण्यात तरंगत ठेवून आतलं-बाहेरचं तापमान सारखं होऊ द्यायचं असतं, पण पाहुण्यांना पुढं जायचं असतं. सरळ ओता. फोटो निघेपर्यंत ती पिल्लं हमखास जिवंत असतात.

वाळू उचलायची तर रात्री उचला. रेती-गोट्यांचं उथळ पात्र म्हणजे म्हसीरसारख्या माशाचं बाळंतघर, पण डंपरच्या दिव्यात तेवढं कुठं दिसतं!

आता सर्वात महत्त्वाचं. परवानगी मिळाल्यावर पाण्याची तपासणी सुरू होते, तिथं डोकं लावा. माशांना जगायला लिटरमागे निदान 4 मिलीग्रॅम विरघळलेला ऑक्सिजन हवा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. तो भरायचा सोपा उपाय म्हणजे नमुना भर दुपारी घ्या. सांडपाण्यावर पोसलेलं हिरवं शेवाळ उन्हात ऑक्सिजन सोडतं, आकडा झकास येतो. रात्रभर तेच शेवाळ ऑक्सिजन ओढून घेतं आणि पहाटे मासे तोंड वर काढून तडफडतात, पण पहाटे साहेब झोपलेले असतात. नमुना नाला मिळतो त्याच्या वरच्या अंगाला घ्या, खाली वास येतो. ऑक्सिजन मोजायचा तर काठावरच बाटलीत रसायन घालून तो स्थिर करावा लागतो, बाकीचे नमुने बर्फात न्यावे लागतात. तुम्ही बिसलेरीची बाटली भरून गाडीच्या डिकीत टाका, वाटेत जेवण उरका, संध्याकाळी पोचवा. हे मी मनानं रचत नाही. उन्हाळ्यात आमच्या घाटाखाली मासे मरून पडले, पांढऱ्या पोटांचा थर लागला होता. आम्ही फोन केला. त्या खात्याने सांगितलं, या खात्याला करा. या खात्याने सांगितलं, लेखी द्या. लेखी दिलं तर म्हणे पोच नंतर मिळेल. मासे कुजून, कावळ्या-कुत्र्यांनी संपवून, वास सुद्धा गेल्यावर एक गाडी आली. भर दुपारी, नाल्याच्या वर, बिसलेरीची बाटली. निष्कर्ष काय, तर 'सर्व घटक विहित मर्यादेत'. मग मेले कशाने? म्हणे उन्हाने. बरोबर आहे, खान्देशात ऊन आहेच, आणि त्याला कारणे दाखवा नोटीस बजावता येत नाही! अरे, तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो हे आम्हालाही कळतं. म्हणून तर उन्हाळ्यात घाण कमी सोडायची असते, जास्त नाही! ऊन काय यंदाच पडलं? आमच्या आज्याच्या काळीही इथं असंच भाजून निघत होतं आणि याच डोहात वाम मिळत होती.

आता उपरोध पुरे, मला जमत नाही.

त्या मांडवात तीनशे खुर्च्या होत्या आणि बोलायला उठले ते आबा आणि आणखी दोघं. बाकीचे शेवभाजी-पुरीच्या रांगेत. गावचे पुढारी व्यासपीठाजवळ, डंपर कुणाचे लागतील याची बोलणी करत. अहवालाची मराठी संक्षिप्त प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत ठेवलेली असते, कुणीही वाचू शकतो. किती जणांनी वाचली? परवानगीच्या अटी पाळल्या का, याचा सहामाही अहवाल 1 जून आणि 1 डिसेंबरला द्यावा लागतो. तो तुमच्यापैकी कुणी कधी मागितला आहे? अंतिम अहवालात पापलेट निघालं की मरळ-वाम लिहिली गेली, हेही कुणी विचारायला गेलेलं नाही.

आणि अधिकारी तेवढे चोर म्हणून मोकळे होऊ नका. मेलेले मासे गोण्यांत भरून बाजारात नेणारे आपल्याच गावचे होते. मच्छरदाणीचं जाळं लावून बोटाएवढी पिल्लं गाळणारे आपलेच. विष घालून, सुरुंग लावून मासे मारू नयेत हे इंग्रजांनी 1897 साली कायद्यात लिहिलं, आणि आपण त्यात विजेची भर घातली. बांबूने विजेच्या खांबावर आकडा टाकून वायर डोहात सोडायची, मोठे मासे उचलायचे, बाकीचं सगळं तळाला मरू द्यायचं. हे करणाऱ्यांची नावं गावात सगळ्यांना माहीत आहेत. कलेक्टरपुढे बोलायची छाती नसेल तर नका बोलू, पण त्या पोरांच्या हातातला बांबू तरी काढून घ्या, ती तुमचीच पोरं आहेत.