मावशी, घागर नळाखाली धरा

आज सकाळी गावीच होतो. आठच्या सुमाराला एक पोरगा मोटारसायकलवर आला. गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाइल. मायला म्हणाला, "मावशी, घागर आणून नळाखाली धरा, फोटो काढायचाय." माय म्हणाली, "बाबा, नळाला पाणी कुठंय?" तर म्हणे, "पाण्याचं नंतर बघू, आधी लोकेशनसकट फोटो अपलोड होऊ द्या." आणि माझ्या सत्तरीच्या मायनं कोरड्या तोटीखाली घागर धरली. पदर नीट केला, घागर धरली.

दिवसभर ते डोळ्यांपुढून हलत नाही. म्हणून लिहितोय.

जलजीवन मिशन 15 ऑगस्ट 2019 ला लाल किल्ल्यावरून जाहीर झालं. 2024 पर्यंत खेड्यातल्या प्रत्येक घरी नळ, माणशी रोज 55 लिटर पाणी. जाहीर झाली तेव्हा एकूण 3 लाख 60 हजार कोटींची योजना. आता मुदत 2028 पर्यंत गेली. आमच्या ओट्यापुढं त्यातलं काय आलं? सिमेंटचा एक खांब, निळा पाइप आणि तोटी. लोकवर्गणी मात्र पहिल्या हप्त्यालाच वसूल. आमच्या घरचे पैसे दादांनी सोयाबीनच्या पट्टीतून दिले होते.

हा पैसा कसा उतरत येतो ते बघा. वर जलशक्ती मंत्रालय. आपल्या राज्यात निम्मा वाटा केंद्राचा, निम्मा राज्याचा. तिथून जिल्हा परिषद नाहीतर पाणीपुरवठ्याची कामं करणारं राज्याचं जीवन प्राधिकरण. मग आराखडा करायला सल्लागार, गावात बैठका घ्यायला सहाय्य संस्था, दर्जा तपासायला त्रयस्थ संस्था. मग टेंडर. बिलो, म्हणजे अंदाजपत्रकापेक्षा कमी दर भरून काम घेणारा मोठा ठेकेदार वेगळा, प्रत्यक्ष करणारा पोटठेकेदार वेगळा. आणि आमच्याकडं तर त्याच्याही खाली चर खोदणारा माझा चुलतभाऊ.

त्याच्यावर मी आधी लई भडकलो होतो. अंदाजपत्रकात पाइप तीन फूट खोल, यानं आमच्या गल्लीत दीड फुटावर टाकलाय. उसाचा ट्रॅक्टर गेला की जोड निसटणार. विचारलं तर खाली मान घालून म्हणाला, "दादा, खाली पाषाण लागला. ब्रेकर लावला असता तर मीटरमागं मला खिशातून घालावे लागले असते." ज्यावरून बिल निघतं त्या मोजमाप पुस्तकात तीन फूटच लिहिलंय. कुणी मोजलं? आणि त्या दीड फुटाचेही पैसे त्याला अजून मिळालेले नाहीत. जेसीबीचं भाडं आणि डिझेल त्यानं वहिनीच्या पाटल्या गहाण ठेवून भागवलं. वरचा म्हणतो फंड नाही.

फंड अडकला हे खरं, तेवढं मान्य करतो. 2024-25 च्या बजेटमध्ये या योजनेला केंद्रानं 70,163 कोटी ठेवले आणि सुधारित अंदाजात ते 22,694 कोटींवर आणले. पण पैसे आले असते तर मायच्या घागरीत पाणी पडलं असतं का? नाही! कारण ज्या विहिरीवरून पाइप आणलाय ती मार्चमध्येच आटली. आपला सगळा काळा पाषाण, पाणी मुरलं तरच टिकणार, हे शेंबडं पोरगंही सांगेल. पण टाकीचं बिल निघतं, पाइपचं निघतं, तपासणीचं निघतं. विहिरीला मे महिन्यात पाणी राहील याची जबाबदारी यातल्या कुणाच्याच करारात नाही. प्रत्येकाचं काम कागदावर पूर्ण. पाणी हे कुणाचंच काम नाही!

यंत्रणेला जमतच नाही असंही नाही. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलंच ना. तेव्हा लातूरला पाणी देणारा धनेगावचा मांजरा प्रकल्प कोरडा पडला होता. रात्रंदिवस राबलेली सरकारी माणसं तेव्हाही होती, आजही आहेत. आमच्या तालुक्यात एक कनिष्ठ अभियंता स्वतः चरात उतरून टेपनं मोजायचा. त्याची बदली झाली.

माझं म्हणणं एवढंच आहे की ठेकेदाराचा, सल्लागाराचा, तपासणी करणाऱ्याचा शेवटचा हप्ता एक अख्खा उन्हाळा नळाला पाणी आल्यावरच द्या. आणि खाली चर खोदणाऱ्याचे पैसे त्याच महिन्यात द्या, त्याला वर्षभर थांबवू नका. मोजमाप पुस्तक बिल निघायच्या आधी ग्रामसभेत वाचा. आम्ही टेप घेऊन येतो, चर आमच्याच दारात आहे.

संध्याकाळी निघताना बघितलं तर घागर अजून तिथंच, तोटीखाली. म्हटलं, "माय, उचल ती." म्हणाली, "राहू दे, फोटो काढलाय तर सोडतील एखाद्या वेळेस." मला काही बोलताच येईना.

1 मेच्या ग्रामसभेला मी रजा टाकून येतोय. माहितीच्या अधिकारात अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तकाची नक्कल उद्याच मागतो. गावातल्या पोरांनो, पुण्यात असा नाहीतर संभाजीनगरात, ज्यांना जमेल त्यांनी फोन करा. चुलतभाऊ पण येणार आहे. दीड फूट कुठं कुठं आहे ते तो स्वतः दाखवणार म्हणालाय.