पेट्रोल आहे का बघितलंत?

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वानऊ वाजता नाशिकच्या मायको सर्कलच्या अलीकडे माझी मोटरसायकल बंद पडली. पंचवटीतून निघून जेमतेम चार किलोमीटर झाले होते. आधी एक आचका, मग दोन, मग मूठ कितीही पिळली तरी आवाज खालीखाली. आणि मग ती शांतता, जिच्यात मागच्या रिक्षाचा हॉर्न फार स्वच्छ ऐकू येतो.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण त्या दिवशी ती कोणी सांगूच दिली नाही : मला गाडीतलं कळतं. बंद पडलेल्या गाडीला मी लाथ घालत नाही, शिवी देत नाही, क्रमाने बघतो. किल स्विच, पेट्रोल कॉक (टाकीखालची तोटी), मग करंट, मग पेट्रोल, मग हवा, आणि सगळ्यात शेवटी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब. चालती गाडी अचानक मरते तेव्हा पिस्टन-रिंगांचा संशय घेण्यात अर्थ नसतो, त्या म्हातारपणासारख्या हळूहळू जातात. गाडी डबल स्टँडला लावली, टाकीवर रुमाल पसरला, सोळाचा प्लगपाना काढला.

तेवढ्यात ते आले. साठीच्या पुढचे, अर्ध्या बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट, हातात कढीपत्त्याची जुडी.

"काय झालं?"

"काही नाही. बघतोय."

"बंद पडली?"

रस्त्याच्या कडेला स्टँडवर चढवलेली गाडी, बाजूला हेल्मेट, माझ्या हातात पाना. "हो," मी म्हणालो.

"पेट्रोल आहे का बघितलंत?"

"कालच फुल्ल केलीय काका. दसऱ्याची."

"ते ठीक आहे. बघितलंत का?"

मी हसलो. ते हसले नाहीत. कढीपत्ता त्यांनी माझ्या रुमालावर ठेवला आणि दोन्ही हात मोकळे करून घेतले, तेव्हाच मला समजायला हवं होतं.

प्लग बाहेर आला. टोक बिस्किटाच्या रंगाचं, म्हणजे तब्येत उत्तम. काळी कोरडी काजळी असती तर पेट्रोल जास्त जातंय किंवा एअर फिल्टर तुंबलाय. काळा नि तेलकट असता तर ऑइल जळतंय. पांढराफटक असता तर पेट्रोल कमी आणि हवा जास्त. गॅप साधारण ०.७ मिलिमीटर, तोही बरोबर. प्लग पुन्हा कॅपमध्ये खोचला, त्याचे आटे सिलिंडर हेडच्या धातूला टेकवले (प्लगच्या भोकापासून लांब, नाहीतर बाहेर येणारी पेट्रोलची वाफ पेटते) आणि किक मारली. निळी, टचटच आवाज करणारी ठिणगी. पिवळी नि मरतुकडी आली असती तर कॅप, वायर, कॉइल असा मागेमागे गेलो असतो.

"करंट येतोय," काका जमलेल्या लोकांना म्हणाले. हो, एव्हाना लोक जमले होते. टपरीवरचे दोघे, आणि स्कूटरवर बसूनच बघणारा एक मुलगा.

"प्लग जरा पॉलिश पेपरने घासा ना," काका म्हणाले. "आमच्या चेतकला मी दर रविवारी घासायचो."

दर रविवारी! पॉलिश पेपरचे कण प्लगच्या चिनीमातीभोवतीच्या खाचेत अडकून बसतात. घासायचाच तर पितळी ब्रशने, हलक्या हाताने. पण चेतकबद्दल बोलायची काही सोय नव्हती. ती नंबर लावून किती वर्षांनी मिळाली, पहिल्याच दिवशी काकूंना मागे बसवून वणीला कसे गेले, लिटरला वीस मिली ऑइल ते स्वतः कसे मोजून घालायचे, पंपावरच्या माणसावर कसा विश्वास ठेवायचे नाहीत, हे सगळं मी उकिडवा बसून ऐकलं. ते पुढे म्हणाले, "बंद पडली की आडवी करायची. चार थेंब इकडचे तिकडे झाले की चालू. तुम्ही आडवी केलीत का?"

आता यात अगदीच तथ्य नाही असं नाही, आणि तेच जास्त टोचतं. मोटरसायकलची टाकी घोड्याच्या खोगिरासारखी चासीच्या पाइपावर बसलेली असते. पेट्रोल तळाला गेलं की कॉकच्या बाजूचं संपतं, पाइपापलीकडचं तसंच पडून राहतं. कॉक बहुधा डावीकडे असतो, म्हणून गाडी डावीकडे चांगली कलवली की पलीकडचं पेट्रोल अलीकडे येतं नि पंपापर्यंत जाता येतं. पण हे टाकी रिकामी असताना! माझी गळ्यापर्यंत भरलेली होती. हे मी काकांना सांगितलं.

"गळ्यापर्यंत आहे हे कशावरून?" ते म्हणाले.

स्कूटरवरच्या मुलाला वाटलं, आता आपणही काहीतरी बोलावं. "बॅटरी डाऊन असेल."

माझ्या गाडीच्या ठिणगीला बॅटरी लागतच नाही, ती इंजिनाबरोबर फिरणाऱ्या मॅग्नेटच्या करंटवर चालते. बॅटरी काढून ठेवली तरी किकवर चालू होईल. पण हे वाक्य, "बॅटरी डाऊन असेल", ऐकलं की माझं डोकंच फिरतं, कारण याच वाक्यावर अर्ध्या गॅरेजांची दुकानदारी चालते. सेल्फ मारला, कटकटकट वाजलं, की लिहा नवी बॅटरी. अरे, मीटर लाव ना आधी! बंद गाडीला १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली आहे. सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली कोसळत असेल तर संशय घे. गाडी चालू करून रेस दे, साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान आलं नाही तर दोष चार्जिंगचा, म्हणजे रेक्टिफायर किंवा मॅग्नेटची कॉइल. मग तू नवी बॅटरी घातलीस तरी तीही चार दिवसांत झोपणार. आणि कित्येकदा यातलं काहीच नसतं, टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी आलेली असते. ती गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवायची, कोरडी करायची, स्क्रू पाव फेरा आवळायचा. पण त्याचं बिल किती लावणार, म्हणून नवी बॅटरी. हल्ली गाडीबरोबर जे टूलकिट येतं त्यातला स्क्रूड्रायव्हर पाव फेरा आवळतानाच स्वतः पिळतो, ती वेगळी गोष्ट.

असो. प्लगकडे येतो. तो बसवून सहा-सात किका मारल्या, पुन्हा काढला, तरी कोरडा ठणठणीत होता. इथे मला कळलं होतं. लक्षात घ्या, कळलं होतं. ठिणगी चांगली आणि प्लग कोरडा, म्हणजे पेट्रोल वरून खाली पोचत नाहीये. पुढची पायरी ठरलेली : कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल नि हवा जिथे मिसळतात त्या भागाच्या) बुडाला ड्रेन स्क्रू असतो, तो सैल करायचा. पेट्रोलची सलग धार लागली तर रस्ता मोकळा आणि कचरा जेटमध्ये, म्हणजे आतल्या बारीक भोकात. चार थेंब पडून थांबलं तर कॉकची जाळी, नळी, किंवा टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक. मी स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन वाकलोच होतो.

"ते राहू द्या," काका म्हणाले. "चावी द्या बघू."

मी का दिली, हे मला अजून उमगलेलं नाही. वयाचा मान असेल. किंवा त्यांनी हात असा पुढे केला की शाळेत मास्तरांना वही द्यावी तशी दिली गेली. त्यांनी झाकणावरची चकती सरकवली, चावी घातली, फिरवली. झाकण पटकन निघेना. जोर लावला तेव्हा निघालं, आणि टाकीने आवाज केला : सूऽऽस्.

कुकरची शिटी बाहेर जाते, ही आत गेली. मी तो आवाज ऐकला आणि जागच्या जागी सगळं उलगडलं. काकांनी मात्र आवाजाकडे लक्षही दिलं नाही. ते टाकीत डोकावले, वास घेतला, आणि थोडं हिरमुसून म्हणाले, "आहे की." झाकण लावलं. "आता प्लग बसवा आणि मारा किक."

तिसऱ्या किकला गाडी चालू झाली.

"बघा," काका टपरीवरच्या दोघांना म्हणाले, "पेट्रोलचाच प्रॉब्लेम होता."

दोघांनी माना डोलावल्या. आणि यावर मला काही बोलताही येईना, कारण शब्दशः बघितलं तर ते बरोबर होतं. पेट्रोलचाच प्रॉब्लेम होता! मी सुरुवात केली, "काका, व्हॅक्यूम झालं होतं, पेट्रोल खाली जातं तेवढी हवा वरून आत..." "असू दे, असू दे," ते म्हणाले, "होतं असं. निघताना टाकी बघत जा." कढीपत्ता उचलला आणि गेले.

ज्यांना ऐकायचं आहे त्यांना सांगतो. कार्ब्युरेटरवाल्या गाडीत पेट्रोल नुसत्या वजनाने उतरतं. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत पेट्रोलची उंची वीतभर, तिचा दाब वातावरणाच्या दाबाच्या दोन टक्क्यांच्या आतबाहेर. झाकणाचं भोक बुजलं की पेट्रोल जेवढं खाली जातं तेवढी वरची हवा ताणली जाते, आणि हा दोन टक्क्यांचा जोर मोडायला फार ताण लागत नाही. टाकी गच्च भरलेली असेल तर वर हवा थोडीच, म्हणून गाडी लवकर मरते. निम्म्या टाकीवर हाच दोष बराच उशिरा दिसतो. दहा-पंधरा मिनिटं उभी ठेवली की हवा कुठूनतरी झिरपते, गाडी चालू होते, आणि गॅरेजला नेल्यावर तर हटकून चालू होते. मग कार्ब्युरेटर साफ, प्लग नवा, बिल हातात, आणि चार किलोमीटरवर पुन्हा तेच. २०२० नंतरच्या इंजेक्शनवाल्या गाड्यांना पंप असतो, पण हवा त्यांच्याही टाकीला लागतेच. तिथे हवेची नळी कुठे दुमडली आहे का ते बघा.

सातपूरमध्ये कंपनीच्या गेटापासून दोनशे पावलांवर गाडी पुन्हा बंद पडली. या वेळी मी उतरलोही नाही. बसल्या बसल्या झाकण उघडलं, सूस्, पाच-सहा सेकंद थांबलो, किक, चालू. निदान, उपचार, सगळं पंधरा सेकंदांत. आजूबाजूला बघितलं तर रस्त्यावर एक कुत्रं होतं, तेही झोपलेलं.

संध्याकाळी घरी झाकण काढून उलटं केलं. खालून तीन बारीक स्क्रू, त्याखाली प्लेट, प्लेटखाली हवेची वाट. तिच्यात हळदीकुंकवाचा ओला गोळा वाळून घट्ट बसला होता आणि त्यात एक अख्खी अक्षता. आदल्या दिवशी आईने गाडीची पूजा केली होती, टाकीवर स्वस्तिक काढायचं तर बरोब्बर झाकणावर, कारण तिथेच तेवढी सपाट जागा. मी रॉकेलमध्ये ब्रश बुडवून घासलं, फुंकर मारली, पलीकडून हवा लागेपर्यंत मारली. तार घालायची नाही, आतली छोटी रबरी झडप फाटते. टूलकिट आवरताना पान्याच्या घडीत कढीपत्त्याची दोन पानं सापडली, ती आईला दिली.

"हे बघ," मी तिला अक्षता दाखवली. "तुझ्या पूजेने गाडी बंद पडली माझी. दोनदा."

आईने ती तळहातावर घेऊन निरखली. "कुठे पडली बंद?"

"मायको सर्कलच्या अलीकडे."

"अलीकडे ना? बघ. सर्कलवर काहीतरी होणार होतं, ते टळलं."

आणि तिने तो तांदूळ देव्हाऱ्यात नेऊन ठेवला.