कॅनिंगच्या पैशातली गिटार

आमच्याकडे आंब्याचे पैसे दोन प्रकारचे. पेटीचा आंबा वाशीला जातो, तिकडून विक्रीच्या हिशोबाची पट्टी येते, आणि ती यायच्या आधीच सोसायटीचं कर्ज, औषधवाल्याची उधारी आणि गुरख्याचा पगार ओटीवर पाय सोडून बसलेले असतात. डागी, बारका, वाऱ्यानं पडलेला आंबा कॅनिंगला जातो, किलोवर. घरातला अलिखित करार असा की कॅनिंगचे पैसे माझे. त्यातून आजवर मी एक दुर्बीण, एक सशांचा पिंजरा आणि पाव भाजायची भट्टी घेतली. दुर्बिणीतून आई समोरच्या वाडीत कोणाकडे कोण आलं ते बघते. बाकी दोन्हींत करवंट्या ठेवल्यात.

यंदा वाऱ्यानं इतका आंबा पाडला, की कॅनिंगचेच ४०,००० झाले. घरात सुतक असल्यासारखी शांतता होती आणि मी मनातल्या मनात पेडल स्टील गिटार घेत होतो.

हे वेड डोक्यात शिरलं ते रेडिओमुळे. लहानपणी आकाशवाणीवर एक कार्यक्रम लवकर संपला आणि दुसऱ्याची वेळ झाली नसली, की मधल्या दोन-तीन मिनिटांत हिंदी गाण्याची धून लावायचे. शब्द नाहीत, नुसती ती रडवेली, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी गिटार. आमची धून रंगात यायची आणि बाजारभाव सुरू व्हायचे. व्हॅन शिप्ले, हजारा सिंग, सुनील गांगुली ही वाजवणाऱ्यांची नावं फार नंतर कळली. वाद्य हवाइयन गिटार. आडवी ठेवायची, डाव्या हातात पोलादी कांडी, उजव्या बोटांत नख्या. जोसेफ केकुकू नावाच्या हवाई बेटांवरच्या पोरानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तारेवर लोखंड घासून पाहिलं म्हणतात. १९२९ साली टाऊ मो हा तिकडचाच वादक हिंदुस्थानात आला, पुढे काही वर्षं कलकत्त्यातही राहिला, आणि ही लागण आपल्याकडे चांगलीच पसरली. मींड ऐकून वाढलेल्या लोकांना आणखी काय पाहिजे होतं?

पेडल स्टील म्हणजे हिचीच, अमेरिकेत जाऊन यंत्र शिकलेली धाकटी बहीण. चार पायांवर उभी, दहा तारा, खाली पेडलं, शिवाय गुडघ्यानं ढकलायचे दांडे. हवाइयनवर कांडी सरकवली की तिच्याखालच्या सगळ्याच तारा सरकतात. इथं कांडी जागेवर ठेवून पहिलं पेडल दाबलं, की पाचवी आणि दहावी तार तेवढी एक स्वर चढते, बाकीच्या आठ गप्प. आरतीत सगळे एका सुरात असताना एखादे काका मध्येच वरच्या पट्टीत जातात ना, तसं. फक्त इथं ते मुद्दाम असतं आणि सुरात असतं. १९५४ साली बड आयझॅक्सनं वेब पिअर्सच्या एका गाण्यात हे करून दाखवलं आणि तिकडचे वादक आपापल्या गिटारींना पेडलं बसवायला धावले. वाजवताना दोन हात, डावा पाय पेडलांवर, उजवा पाय आवाजाच्या पेडलवर आणि दोन्ही गुडघे, एवढं सगळं गुंतलेलं. मान काय ती मोकळी, नाही म्हणायला.

आता भाव. अमेरिकेत जुनी, शिकाऊ, म्हणजे तीन पेडलं आणि एक गुडघा-दांडा असलेली, हजार डॉलरच्या आसपास मिळते. शो-बड, एमन्स ही बनवणाऱ्यांची मोठी नावं घ्यायची तर हात जोडून घ्यायची. त्यावर वाहतूक, त्यावर आयात शुल्क. हिशोब मांडला तेव्हा लक्षात आलं, की एवढ्यात आमची चार कलमं मुळासकट अमेरिकेला जाऊन परत आली असती.

म्हणून आधी गावात विचारलं. जिल्ह्याच्या ठिकाणच्या दुकानदारानं "पेडल? आहे ना!" म्हणत साध्या गिटारचा आवाज फाडायची, पायानं दाबायची एक डबी पुढे केली. वाडीत दशावतारात पायपेटी वाजवणारे आबा आहेत, त्यांच्या कानावर ही गोष्ट गेली आणि ते काठी टेकत स्वतः आले.

"पायान वाजवचा आसा?"

"होय."

"हातान पण?"

"होय, आबानू."

"मगे ती पायपेटीच रे! माझी जुनी घेऊन जा. पंधरा हजार दी."

"त्याला तारा असतात, आबानू."

"तारा कित्याक? पायपेटीत तारा घातलंस तर उंदीर गावतले."

त्यानंतर महिनाभर रस्त्यात भेटला की माणूस विचारायचा, आबांची पेटी घेतलंस काय. आबा कमी करत करत अकरा हजारांवर आले होते. खरं सांगायचं तर एका रात्री मी नवावर घ्यायला तयार झालो होतो.

शेवटी गिटार लागली ती म्हापशात. वाद्यांच्या दुकानात मी हातवारे करून पेडल स्टील समजावत होतो, तेव्हा शेजारी व्हायोलिनच्या गजाला राळ घेणारे एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, तसली एक आमच्या वाड्यावर खाटेखाली आहे. बार्देशातलं जुनं घर, बाहेर बलकांव, म्हणजे बसायचा ओटा, आत खाट, खाटेखाली काळी पेटी. घरधनी जहाजांवर वाजवायचे. आता ते नव्हते. आंटीनं आणि मी पेटी ओढून बाहेर काढली आणि झाकण उघडल्यावर डांबरगोळ्यांचा असा भपकारा आला, की दोघांच्याही डोळ्यांत पाणी. आंटीच्या डोळ्यांतलं नंतर थोडा वेळ राहिलं.

तीन पेडलं, एक गुडघा-दांडा. नावाची पट्टी निखळलेली, तिच्या जागी चार भोकं. तारांवर गंज. तिसऱ्या पेडलची सळई गायब. झाकणाच्या आतल्या बाजूला एक पिवळा कागद चिकटवलेला, त्यावर शाईनं दहा तारांचे सूर: एफ शार्प, डी शार्प, जी शार्प, ई, बी, जी शार्प, एफ शार्प, ई, डी, बी. क्रम बघा. सगळ्यात उंच सूर पहिल्या तारेचा नाही, तिसरीचा. पहिल्या दोन मागाहून येऊन रांगेत पुढे घुसल्यासारख्या. त्या तिसरीसमोर कागदावर तांबड्या शाईत फुली होती. तिचा अर्थ मला पुढे कळणार होता.

आंटीनं ३०,००० सांगितले. मी बांगड्याच्या वाट्यावर पाच मिनिटं घासाघीस करणारा माणूस, गंजावर बोट ठेवून सुरुवात करणार, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "वाजयतलो मूं?"

मी "हो" म्हणालो आणि तिथंच अडकलो. वाजवणार म्हणणाऱ्या माणसानं गंज कसा दाखवायचा? मी नुसता उभा. मग त्यांनी आपणहून दोन हजार सोडले आणि वर नवऱ्याचं बसायचं स्टूल दिलं. स्टुलाची गादी एका बाजूला दबलेली होती. उजव्या.

एसटीत कंडक्टरनं पेटी उचलून बघितली, लगेज लावलं आणि ती शेवटच्या बाकाखाली ढकलायला सांगितली. बांदा सोडलं आणि पुढच्या नाक्यावर गाडी थांबली. गोव्याहून येणाऱ्या गाडीत जड, काळी, दोन कुलपांची पेटी. माझी काहीच तक्रार नाही, मी त्या शिपायांच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं.

"काय आहे?"

"गिटार."

"एवढी जड?"

"पोलादी आहे."

"किती बाटल्या?"

पेटी रस्त्याच्या कडेला उतरवली. त्यांनी गिटार पालथी केली. खालच्या बाजूला आडव्या सळया, उभ्या सळया, तरफा, स्प्रिंगा. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. धाकटा म्हणाला, "साहेब, गाळायचं दिसतंय."

थोरल्यांनी मला सांगितलं, "वाजवून दाखवा."

आता पेडल स्टील म्हणजे काही बासरी नव्हे, खिशातून काढली आणि फुंकली. चार पाय एकेक करून फिरवून बसवायचे, पेडलांची पट्टी अडकवायची, सळया जोडायच्या. व्हिडिओत बघून मला सगळं पाठ होतं, पण प्रत्यक्षात दोन पाय लांब आणि दोन आखूड निघाले. एसटीतले प्रवासी खाली उतरले. एकानं दगड आणून आखूड पायाखाली सरकवला. कंडक्टर घड्याळ बघत म्हणाला, "सावंतवाडीला मालवणची गाडी चुकली तर मला बोलू नका." मी स्टुलावर बसलो आणि आपोआप उजवीकडे कललो.

वाजवता तर मला येत नव्हतंच. शिवाय ही विजेची गिटार, अॅम्प्लिफायरशिवाय तिचा आवाज मच्छरदाणीत शिरलेल्या डासाएवढा. कांडी ठेवली, पाचवी तार छेडली आणि पहिलं पेडल दाबलं. तार कुरकुरत एक स्वर वर गेली. पाय सोडला, खाली आली.

थोरले शिपाई वाकले. "परत."

परत दाबलं. त्यांनी कान जवळजवळ तारेला लावला आणि डोळे मिटले. "अरे, हे ते... रेडिओवर लागायचं मधेच. बाजारभावाच्या आधी."

मला इतकं भरून आलं म्हणून सांगू! सबंध सिंधुदुर्गात मला कळलेला तो पहिला माणूस. मी तिसऱ्यांदा पेडल दाबलं आणि त्यांनी डोळे मिटलेल्या अवस्थेतच पेटीचं अस्तर इकडून तिकडे चाचपून घेतलं.

घरी आईनं गिटारभोवती एक फेरी मारली. "ह्या काय हाडलंस? अठ्ठावीस हजाराचा लोखंड? थोडे घातले असते तर म्हस इली असती." बायको काही बोलली नाही. शेजारच्या काकी मात्र संध्याकाळी ब्लाऊजचं कापड घेऊन आल्या, फॉल-पिको पण करून मिळात काय म्हणून.

वाद्य २८,००० ला पडलं म्हणून मी खुशीत होतो. बारा हजार शिल्लक. मग एकेक निघायला लागलं. नख्या. तारा. आवाजाचं पेडल, जे मला चैन वाटत होतं. तसं नाही. सूर विरत जातो तसतसा उजवा पाय हलके हलके दाबत न्यायचा, तेव्हा कुठं तो लांबतो. ते नसेल तर दोरीवर वाळत घातलेल्या पत्र्यावर खडे मारल्यासारखं वाजतं. अॅम्प्लिफायर भजनी मंडळाचा मागून आणला. एकादशीला परत द्यायचा. आणि ती तांबडी फुली: तिसरी तार ०.०११ इंच जाडीची, सगळ्यात बारीक आणि सगळ्यात ताणलेली. ती तुटते. बसवली की तुटते, सूर लावला की तुटते. एकदा तर मी जेवत असताना आपली आपण तुटली. साध्या इलेक्ट्रिक गिटारच्या जाड संचातली पहिली तार त्याच मापाची असते, म्हणून सहा तारांचं पाकीट घ्यायचं आणि एक वापरायची. उरलेल्या पाचांचं काय? पडवळ सरळ वाढावं म्हणून त्याच्या टोकाला दगड बांधतात, त्याला आई यंदा तारा वापरते आहे. आमचं पडवळ सध्या बरंचसं सुरात आहे.

हरवलेल्या सळईसाठी मी गिटार टेम्पोत घालून बंदरावरच्या मेस्त्रींकडे नेली. ते ट्रॉलरची इंजिनं बघतात. गिटार म्हटल्यावर आधी नाहीच म्हणाले. मग पालथी करून दाखवली, तशी हातातली विडी बाजूला ठेवून ते तिच्याखाली आडवे झाले आणि दहा मिनिटं नुसते पाय दिसत होते.

"ह्यो तर ब्रेक," आतून आवाज आला. "पेडल दाबलंस की ही सळय खाली. हो दांडो फिरता. तो ही दुसरी सळय वढता. ती थय तारेच्या बुडाक. तार ताणली, आवाज वर गेलो. सोडलंस, ह्या स्प्रिंगान जाग्यार."

मी चार महिने व्हिडिओ बघून जे समजून घेतलं होतं, ते एवढंच.

"पण गाणा खय ह्येच्यात?" ते बाहेर येऊन म्हणाले.

सळई त्यांनी स्टेनलेसची केली. माझ्याकडची कांडी गंजून खरखरीत झाली होती, तीही त्यांनीच नवीन करून दिली: बोटीच्या पंख्याच्या शाफ्टचा उरलेला तुकडा, २२ मिलिमीटर जाड, लेथवर एक टोक गोल करून, पॉलिश मारून. हातात घेतली तर चांगली पाव किलोची. पैसे विचारले तर म्हणाले, जोडून झाल्यावर ऐकायला येईन, तेव्हा बघू.

म्हणजे मला काहीतरी येणं भाग पडलं. तीन आठवडे मी रात्री सगळे झोपल्यावर एकाच धुनेच्या पहिल्या चार सुरांवर बसलो. चौथा सूर पेडलनं चढवायचा. पाय वेळेवर पडला तर कांडी हलायची, कांडी सांभाळली तर गुडघा दांड्याला लागायचा आणि भलतीच तार रडायला लागायची. बायको अंथरुणातून विचारायची, "मांजर आत घेतलात का?"

रविवारी मेस्त्री आले. अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून. आईनं पोहे केले. आबाही आले, पायपेटी कशी नाही ते बघायला. मी भजनी मंडळाचा अॅम्प्लिफायर लावला, आंटीच्या स्टुलावर बसून उजवीकडे कललो आणि वाजवलं. पहिला सूर, दुसरा, तिसरा, आणि चौथ्याला पेडल. तार वर गेली. नेमकी, जिथं जायला हवी तिथं. माझ्या अंगावर काटा आला. अगदी रेडिओ.

मेस्त्रींनी पोह्याची ताटली खाली ठेवली. "थांब. परत मार."

मी परत मारलं.

"आयकलंस?"

"ऐकलं," मी म्हणालो.

"दुसऱ्या सांध्यात ग्रीस कमी आसा," ते म्हणाले आणि इस्त्रीच्या शर्टानिशी खाली आडवे झाले. आबा त्यांना वरून टॉर्च दाखवत होते.